मैल्याच्या टाकीचा काटा खोटं बोलतोय? बोटीवरचा लेव्हल सेन्सर कसा तपासायचा

गेल्या जुलैत मामा-मामी डोंबिवलीहून आमच्याकडे कनेक्टिकटला आले होते. शनिवारी त्यांना बोटीवर नेलं, लाँग आयलंड साउंडमधल्या एका खाडीत नांगर टाकला, पोहे झाले, चहा झाला. दुपारी मामा म्हणाले, "संडासाचा पंप जड लागतोय रे." मी गेज बघितला. काटा पाऊणवर होता. म्हटलं, "अजून जागा आहे, मारा तुम्ही." मामांनी इमानेइतबारे मारला. दोन मिनिटांत डेकवरून मामीची हाक आली, "अरे, बोटीच्या कुशीतून काहीतरी गळतंय बघ!" व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा खेळती ठेवणाऱ्या नळीच्या, भोकातून काय बाहेर येत होतं ते सांगायला नको.

टाकी काठोकाठ भरलेली होती आणि काटा पाऊण सांगत होता. पुढचे दोन शनिवार मी टाकी धुण्यात, फ्लोट (पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता भाग) घासण्यात आणि नवा सेंडर, म्हणजे टाकीत बसवलेला पातळीचा सेन्सर, मागवण्यात घालवले. शेवटी दोष निघाला तो हिरवट पडलेल्या एका थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडात. किंमत काही सेंट. तुम्ही नुकतीच जुनी बोट घेतली असेल तर माझे ते दोन शनिवार तुमचे वाचावेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

आधी हे समजून घ्या: काटा कोणत्या बाजूला खोटं बोलतो

होल्डिंग टँक म्हणजे बोटीवरच्या संडासाचा मैला साठवणारी टाकी. इकडे त्याला ब्लॅक वॉटर म्हणतात, पण मराठीत काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं, म्हणून मी आपलं मैल्याची टाकी म्हणतो. लहान शिडाच्या बोटींवर ती बहुधा १५ ते ३० गॅलनची असते, म्हणजे साधारण ५५ ते ११५ लिटर. गच्चीवरच्या सिंटेक्सच्या मानाने अगदीच चिमुकली. गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर वॉचमन ओरडतो आणि मोटर बंद होते. इथे वाहिली तर पाण्यात जाते, आणि लाँग आयलंड साउंड हा पूर्णपणे नो-डिस्चार्ज झोन आहे. कनेक्टिकटचा किनारा २००७ पासून आणि न्यूयॉर्कची बाजू २०११ पासून. प्रक्रिया केलेला मैलासुद्धा इथे सोडता येत नाही. मैला थेट समुद्रात सोडणारा वाय-व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून कुलूप लावून किंवा केबल टायने बांधून ठेवावा लागतो. म्हणून टाकी किती भरली हे कळायलाच हवं.

आता मुद्दा. बोटीवरचे बहुतेक साधे गेज रेझिस्टन्सवर, म्हणजे ओहममध्ये मोजल्या जाणाऱ्या विजेच्या अडथळ्यावर, चालतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना सेंडर २४० ओहम दाखवतो, भरल्यावर ३३. अर्धी टाकी म्हणजे साधारण १०३. युरोपियन पद्धत उलटी आहे, रिकामी असताना १० च्या आसपास आणि भरल्यावर १८०.

हा गेज मूळचा इंधनाच्या टाकीचा. वायर तुटली, थिंबल गंजलं, निगेटिव्ह सैल झालं, तर रेझिस्टन्स वाढतो आणि अमेरिकन गेजचा काटा रिकाम्याकडे झुकतो. इंधनाच्या बाबतीत हे चांगलंच आहे. काटा घाबरवतो, आपण लवकर डिझेल भरतो, समुद्रात अडकत नाही. तोच गेज मैल्याच्या टाकीला लावला की हाच गुण अवगुण होतो, कारण वायरिंगमधला जवळजवळ प्रत्येक दोष "अजून जागा आहे" असंच सांगतो. माझ्या बोटीवर नेमकं हेच झालं. भरलेल्या टाकीचे ३३ ओहम, त्यात गंजाचे तीसेक मिळाले, झाले ६३. गेजच्या हिशेबात ती पाऊण टाकी.

युरोपियन गेज याच दोषात टाकी भरलीय अशी खोटी बोंब मारतो. ते परवडतं. म्हणून पहिलं काम म्हणजे आपल्या बोटीवर कोणती पद्धत आहे ते शोधणं. सेंडरच्या माथ्यावर किंवा गेजच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. नसतील तर पुढे तिसऱ्या पायरीत कळेलच.

पायरी १: टाकी खरंच किती भरलीय ते डोळ्यांनी बघा

सेन्सर तपासायचा तर खरं उत्तर आधी हातात हवं. टाकी पॉलिथिलीनची असेल तर रात्री किंवा लॉकर अंधारात असताना एका बाजूने टॉर्च टेकवून धरा. पांढऱ्या प्लास्टिकमधून पातळीची काळी रेघ सरळ दिसते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं, इतके दिवस मी काट्याकडे बघत बसलो होतो. टाकी स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमची असेल तर बोटांच्या पेरांनी वरपासून खालपर्यंत वाजवत या, आवाज पोकळचा भरीव होतो तिथे पातळी.

हे झालं की टाकी पंप-आउट स्टेशनवर रिकामी करा. डेकवर "वेस्ट" लिहिलेल्या झाकणाखालचं ३८ मिलिमीटरचं फिटिंग सगळीकडे सारखंच असतं. रिकामी झाली की त्याच भोकातून गोडं पाणी भरा आणि पुन्हा उपसा. दोनदा, जमलं तर तीनदा. यापुढची सगळी तपासणी धुतलेल्या टाकीवर करायची.

पंप-आउट चालू असताना एक बाजूची गोष्ट बघून घ्या, ती म्हणजे व्हेंट. बोटीच्या बाहेरच्या बाजूला छोटं भोक असतं, तिथे हात धरा. आत हवा ओढली गेली पाहिजे. ओढली जात नसेल तर लगेच थांबा. व्हेंट तुंबलेला असताना जोरात उपसा केला तर प्लास्टिकची टाकी आत चेपते. उन्हाळ्यात या भोकात गांधीलमाशा मातीचं घर बांधतात, आणि टाकी एकदा भरून वाहिली असेल तर व्हेंटच्या नळीतला कोळशाचा फिल्टर ओला होऊन गच्च बसतो. दाब मोजून पातळी सांगणारे सेन्सरही तुंबलेल्या व्हेंटमुळे चुकीचं सांगतात. बाहेरून होजपाइपने पाणी मारलं की बहुतेक वेळा नळी मोकळी होते.

पायरी २: सुरक्षा

नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, फेकून देता येतील असे कपडे. लॉकर आणि केबिनच्या खिडक्या उघड्या. टाकीतून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड निघतात. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर निदान कळतं तरी. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि आपल्याला वाटतं सुटलो. डोकं जड झालं तर बाहेर या. टाकीच्या तोंडाशी ठिणगी नको, म्हणून वायर काढण्याजोडण्याआधी बोटीचा मेन स्विच बंद करायचा. आणि ब्लीच आणि अॅसिड, मग ते व्हिनेगर का असेना, कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू होतो.

पायरी ३: सेंडरपाशी दोन मिनिटांची चाचणी

ही या लेखातली सगळ्यात उपयोगी पायरी. हातात मल्टीमीटर, वायरचा एक तुकडा आणि एक मदतनीस हवा, जो गेजसमोर उभा राहून ओरडून सांगेल.

टाकीच्या माथ्यावर सेंडर असतो. त्याला दोन वायरी असतात, एक गेजकडे जाणारी सिग्नलची आणि दुसरी निगेटिव्ह. मेन बंद करून सिग्नलची वायर सेंडरवरून सोडवा, टोक कशाला लागणार नाही असं धरा, मेन चालू करा. गेज काय म्हणतो? अमेरिकन पद्धत असेल तर काटा रिकाम्याच्या खाली जाईल. युरोपियन असेल तर भरलेल्याच्या पलीकडे.

मग मेन बंद करून तेच टोक सेंडरच्या निगेटिव्ह स्क्रूला टेकवा, म्हणजे शॉर्ट करा, आणि मेन क्षणभर चालू करा. अमेरिकन गेज आता भरलेल्याच्या पलीकडे जाईल, युरोपियन रिकाम्यावर येईल. दोन्ही वेळा काटा असा टोकाला पळाला तर गेज जिवंत आहे आणि मधली वायर तुटलेली नाही.

एक सावधगिरी. हे फक्त दोन वायरींच्या साध्या रेझिस्टन्स सेंडरवर करायचं. सेन्सर तीन किंवा चार वायरींचा असेल, व्होल्टेज किंवा मिलिअँपिअरवर चालत असेल, तर शॉर्ट करून तो जळू शकतो. तिथे मॅन्युअलच उघडा.

पण गेज जिवंत आहे म्हणजे तो खरं बोलतो असं नाही. माझा काटाही दोन्ही टोकांना टुणकन गेला होता, आणि म्हणूनच मी फसलो. सेंडरवर संशय घेऊन नवा मागवला. खरी परीक्षा मधल्या आकड्यांची आहे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १०० ओहम आणि ३३ ओहमचे रेझिस्टर आणा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिल्लरमध्ये मूठभर मिळाले असते, इथे मला पोस्टाने पाकीट मागवावं लागलं. सेंडरवरून दोन्ही वायरी सोडवून सिग्नलची वायर आणि निगेटिव्हची वायर यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर धरा. अमेरिकन गेजने अर्ध्याच्या आसपास थांबलं पाहिजे. ३३ चा धरा, काट्याने पूर्ण दाखवलं पाहिजे. माझ्याकडे ३३ ओहमवर काटा पाऊणला थबकला. सेंडर तर जोडलेलाच नव्हता! म्हणजे तीस ओहम कुठेतरी वायरीतच मुरलेले होते.

पायरी ४: गंज शोधा, निगेटिव्हपासून सुरुवात करून

नवखा माणूस लाल वायरीच्या मागे लागतो. बोटीवर मात्र निम्म्या भानगडी काळ्या किंवा पिवळ्या निगेटिव्ह वायरीच्या असतात, कारण ती कुठल्यातरी बिल्जच्या (बोटीच्या तळाशी पाणी साचतं त्या जागेच्या) जवळच्या पट्टीवर जाऊन बसलेली असते आणि खारं दमट हवामान तिला खात असतं.

झटपट चाचणी अशी. ३३ चा रेझिस्टर तसाच धरून एक लांब वायर घ्या, तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, दुसरं रेझिस्टरच्या निगेटिव्हकडच्या टोकाला. काटा हलला तर मूळची निगेटिव्ह वायर खराब आहे. माझा काटा पाऊणवरून सरळ भरलेल्यावर गेला. इतकं समाधान मला आयुष्यात फार कमी वेळा मिळालंय.

मग जोडामागून जोड तपासत जायचं. हाताने थिंबल ओढून बघा, काही नुसत्या स्पर्शाने निघून येतात. जिथे तांब्यावर हिरवट पूड दिसते किंवा वायरचं आवरण टोकाशी काळं पडून कडक झालेलं असतं, तो तुकडा कापा. काळी पडलेली तार घासून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका, गंज आवरणाच्या आत पुष्कळ लांबवर गेलेला असतो. स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे या, नसेल पुरत तर नवी कल्हईची तार टाका. आतून गोंद सुटणारी हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी) थिंबलं वापरा आणि नीट दाबायच्या पक्कडने दाबा. घरातल्या साध्या पक्कडने दाबलेलं थिंबल एक पावसाळा टिकत नाही, इथे तर एक सीझनही नाही.

निगेटिव्ह ठीक निघालं तर सिग्नलच्या वायरीची तीच तपासणी. तीही ठीक असेल तर गेजच्या पाठीमागे बघा. तिथे तीन पोस्ट असतात: आय म्हणजे १२ व्होल्ट, जी म्हणजे निगेटिव्ह, एस म्हणजे सेंडर. आय आणि जीच्या मध्ये बॅटरीइतकेच व्होल्ट हवेत, पूर्ण भरलेली बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास. बॅटरीवर १२.६ आणि गेजवर ११ असतील तर मधे कुठेतरी व्होल्टेज पडतंय. फ्यूजच्या खोबणीतला गंज हा माझा पहिला संशयित.

पायरी ५: आता सेंडर बाहेर काढा

वायरिंग शुद्ध निघालं तरच ही पायरी. बरेच जण इथूनच सुरुवात करतात आणि उगाच हात घाण करून घेतात.

बाहेर काढण्याआधी मार्करने सेंडरच्या कडेवर आणि टाकीवर एक रेघ ओढा. अमेरिकन पाच स्क्रूंचा फ्लँज, म्हणजे सेंडरची कडा, एकाच दिशेने बसतो, कारण एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, पण इतर फ्लँज कसेही बसतात आणि मग फ्लोटचा दांडा टाकीच्या भिंतीला अडतो.

बाहेर काढल्यावर दोन प्रकारांपैकी एक दिसेल. पहिला म्हणजे झोक्यासारखा हलणारा दांडा आणि त्याच्या टोकाला फ्लोट, गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकचा भाऊच. दुसरा म्हणजे एक उभी नळी आणि तिच्यावर वरखाली सरकणारी चकती. नळीच्या आत ओळीने रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की चालणारे बारीक स्विच, असतात आणि चकतीत चुंबक. म्हणून याचं रीडिंग सलग न वाढता टप्प्याटप्प्याने वाढतं, आणि काटा मधेच उडी मारतो म्हणून लगेच घाबरू नका.

मल्टीमीटर ओहमवर ठेवून सेंडरच्या दोन पोस्टवर लावा आणि फ्लोट हळूहळू खालून वर न्या. २४० पासून ३३ पर्यंत आकडे उतरत गेले पाहिजेत. मधेच मीटरने अनंत दाखवलं तर त्या जागचा रीड स्विच किंवा पट्टी गेली, नवा सेंडर घ्या. आकडे नीट उतरतायत पण चकती हाताला जड लागतेय, तर ती साफ करायची.

साफ काय करायचं असतं? दोन गोष्टी. एक कागद, जो चकती आणि नळीच्या फटीत लगद्यासारखा बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे क्षार. संडास समुद्राच्या पाण्याने फ्लश होत असेल तर खारं पाणी आणि लघवी मिळून कॅल्शियमचा दगडासारखा थर बनतो. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर चढतो, तसाच, फक्त वासासकट. सेंडर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, वायरींचं टोक मात्र कोरडं राहू द्या. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने थर निघतो. चाकूने खरवडू नका, फ्लोटला भोक पडलं तर तो बुडतो आणि कायम रिकामी टाकी दाखवतो. पुन्हा तेच, चुकीच्या बाजूचं खोटं.

परत बसवताना नवी गॅस्केट वापरा, स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, आणि हात राखून. प्लास्टिकच्या टाकीतले आटे एकदा गेली की गेली.

दुसऱ्या जातीचे सेन्सर

प्रत्येक बोटीवर फ्लोट नसतो. टाकीच्या भिंतीतून आत घुसवलेले धातूचे ठोकळे असतील तर त्यांचा रोग ठरलेला आहे. भिंतीवर ओला कागद चिकटतो, त्यातून वीज वाहते आणि टाकी रिकामी करूनही दिवे दोन तृतीयांश दाखवत राहतात. निदान इथे खोटं सुरक्षित बाजूला आहे. गोडं पाणी आणि थोडं भांडी घासायचं लिक्विड भरून बोट दिवसभर हेलकावू द्या, मग उपसा.

बाहेरून चिकटवलेल्या फॉइलच्या पट्ट्यांचे कपॅसिटिव्ह सेन्सर मैल्याला शिवतच नाहीत, आणि नवीन काही घ्यायचंच असेल तर माझं मत यांनाच. पण ते धातूच्या टाकीवर चालत नाहीत, आणि बसवल्यावर रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत त्यांना शिकवावं लागतं. भलतंच दाखवू लागले तर आधी पट्टीवरचा बाहेरचा ओलावा पुसा, मग टाकीला शेजारून एखादी नवी वायर किंवा पाइप टेकलाय का बघा. अल्ट्रासॉनिक सेन्सर माथ्यावरून आवाज सोडून पातळी मोजतो. त्याच्या तोंडावर थेंब साठले किंवा टाकीत फेस झाला की तो गोंधळतो. तोंड पुसा, आणि तो मैल्याच्या इनलेट पाइपच्या अगदी शेजारी बसवलेला असेल तर जागा बदला.

पायरी ६: पाणी मोजून ओतून खूण करा

सगळं बसलं, आता पडताळणी. रिकाम्या टाकीत मापाच्या बादलीने पाच-पाच लिटर गोडं पाणी ओतत जा. प्रत्येक वेळी गेज काय दाखवतो ते लिहा, आणि टाकी पारदर्शक असेल तर टॉर्च धरून पातळीवर मार्करची रेघ मारा. कंटाळवाणं काम आहे, पण यातून एक गोष्ट कळते जी कुठलाही सेन्सर सांगत नाही. बोटीच्या टोकाशी बसवलेली टाकी खाली निमुळती आणि वर रुंद असते. काटा अर्ध्यावर असतो तेव्हा पोटात अर्ध्यापेक्षा बरंच कमी असतं. माझ्या टाकीत अर्धा काटा म्हणजे जेमतेम एक तृतीयांश. बोट कललेली असताना तर काट्याकडे बघूच नका, नांगरावर सरळ उभी असतानाच वाचा.

हे आकडे घेऊन एक हिशेबही करून टाका. हातपंपाचा एक फ्लश म्हणजे दोन ते चार लिटर. ७५ लिटरच्या टाकीत तीन लिटरच्या हिशेबाने २५ फ्लश. चार माणसं, शनिवार-रविवार, करा बेरीज.

आमच्या संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक पेन्सिल दोरीने बांधलेली आहे आणि एक लॅमिनेट केलेला तक्ता आहे. प्रत्येकाने फ्लशनंतर एक रेघ मारायची, पाचवी आडवी. वीस रेघा झाल्या की व्हीएचएफ रेडिओवरून पंप-आउटची बोट बोलवायची, काटा काहीही म्हणो. मामी यंदा परत येतायत. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "ती पेन्सिल अजून आहे ना रे?"